प्रवासातील श्वानदंश : भय नको, विलंबही नको

वाशिम हा आकाराने लहान, परंतु तीर्थक्षेत्रांनी संपन्न असा जिल्हा होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी म्हणजेच आजचे वाशिम शहर. तेथील बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ सर्वश्रुत आहेत. कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असल्याने दत्तभक्तांची तेथे अखंड ये-जा असते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी मानली जाते. रामनवमीच्या यात्रेस तेथे महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशातूनही भाविक येतात. शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे, तर मंगरुळपीर येथे हयात कलंदर यांचा दर्गा आहे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखीही पंढरीस जाताना मेडशी, शिरपूर, रिसोड या मार्गाने याच जिल्ह्यातून मार्गस्थ होते.

वर्षभर चालणाऱ्या या वर्दळीत एक धोका सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परगावच्या माणसाला गावचे रस्ते जसे अनोळखी असतात, तसाच गावच्या कुत्र्यांना तो माणूसही अनोळखी असतो. पहाटे स्नानाला निघालेला यात्रेकरू, रात्री उशिरा एस. टी. स्थानकावर उतरलेले कुटुंब, दिंडीतून मागे राहिलेला वृद्ध वारकरी यांच्यावर कुत्रे धावून जाण्याचे प्रसंग घडतात. दंश झाला तरी जखम अनेकदा किरकोळ दिसते. “दर्शन तर होऊ द्या, गावी पोहोचल्यावर दवाखान्यात दाखवू,” असे म्हणून ती दुर्लक्षिली जाते. खरा धोका या विलंबातच आहे. दंशानंतर वेळेवर व पूर्ण उपचार केल्यास रेबीज टाळता येतो. रोगाची लक्षणे प्रकट झाल्यावर मात्र रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

रोगाचे स्वरूप

रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून हा विषाणू जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासास साधारणपणे एक ते तीन महिने लागतात. कधी तो आठवड्याभरात पूर्ण होतो, तर कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. जखम मेंदूच्या जितकी जवळ आणि जितकी खोल, तितका अवधी कमी. म्हणूनच चेहरा, मान, डोके आणि हाताची बोटे यांवरील दंश विशेष गंभीर मानला जातो.

विषाणूचा हा संथ प्रवास हीच माणसाच्या दृष्टीने मोठी संधी आहे. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी लसीच्या साहाय्याने शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करता येते. या अवधीत रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही, जखमही भरून येते. त्यामुळे काही झाले नाही, अशी त्याची समजूत होते. ती फसवी असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत तो कुत्र्यापासून झालेला असतो. संशयित प्राण्याचा दंश झालेल्यांमध्ये १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण ४० टक्के आहे. मूल उंचीने लहान असल्याने कुत्र्याचे तोंड थेट त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते. शिवाय घरचे रागावतील या भीतीने लहानसा ओरखडा मुले लपवून ठेवतात. यात्रेत मूल रडत परत आले किंवा अचानक गप्प झाले, तर त्याचे हातपाय व चेहरा पालकांनी अवश्य तपासून पाहावा.

पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः पाण्याची भीती हे रोगग्रस्त माणसाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यातून चालत गेला म्हणून तो निरोगी ठरत नाही. विनाकारण चावत सुटणे, आवाज बदलणे, तोंडातून लाळ गळणे, जबडा लोंबणे, चाल अडखळणे ही त्याची काही लक्षणे होत. काही कुत्रे याउलट सुस्त होऊन अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतात. अशा निपचित कुत्र्यास दयेपोटी पाणी पाजावयास जाणारा माणूसही दंशास बळी पडू शकतो.

कुत्रा अंगावर का येतो?

अंगावर येणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो. बहुसंख्य प्रसंगी तो आपला टापू, आपले अन्न किंवा आपली पिले राखीत असतो. गावातील प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. दिवसा माणसांच्या गर्दीत ती जाणवत नाही. रात्री व पहाटे रस्ते ओस पडले की टोळी त्या हद्दीची राखण करू लागते. यात्रेकरूंच्या चालण्याची वेळही नेमकी तीच असते.

ऋतूचाही येथे संबंध येतो. कुत्र्यांचा मीलनकाळ मुख्यत्वे भाद्रपद-आश्विनात असतो. त्या दिवसांत कुत्र्यांमध्ये आपसांत भांडणे वाढतात आणि त्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसास इजा होते. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, कुत्री वितात. कारंजास दत्तजयंतीनिमित्त भाविकांची गर्दी होते ती मार्गशीर्ष पौर्णिमेस. ओट्याखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला पिले घेऊन बसलेली कुत्री एरवी कितीही शांत असली, तरी त्या दिवसांत ती जवळ येणाऱ्यास शत्रू समजते. पिलू उचलून घेण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. लहान पिलाच्या चाव्यातूनही रेबीज होऊ शकतो.

यात्रेच्या जागी टाकलेले उष्टे अन्न हे आणखी एक कारण. पंगती उठल्या की पत्रावळींवर कुत्र्यांचे कळप जमतात. तेथून जवळच उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या उशाशी भाकरीचे गाठोडे असेल, तर कुत्रा त्याच्या वासाने थेट चेहऱ्यापाशी येतो.

श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी असणारे चार श्वान हे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची आख्यायिका मराठी घराघरांत सांगितली जाते. नामदेवांचे नर्सी हे गाव वाशिमला लागूनच असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. बंजारा तांड्यांची राखणही पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांनीच केली. या मुक्या जिवाविषयी ममता बाळगणे आपल्या संस्कृतीस धरूनच आहे. मात्र ममता आणि सावधगिरी यांत विरोध नाही. अनोळखी कुत्र्यास कुरवाळणे, हाताने भरविणे, झोपेत किंवा खात असताना त्यास स्पर्श करणे हे प्रकार टाळलेच पाहिजेत.

प्रवासात घ्यावयाची दक्षता

कुत्रा भुंकत अंगावर येऊ लागल्यास पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभावधर्म आहे. जागीच उभे राहावे, हात अंगालगत ठेवावेत आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. पाठ न फिरविता सावकाश मागे सरकत त्याच्या हद्दीबाहेर पडावे. पिशवी, छत्री किंवा काठी स्वतःच्या व कुत्र्याच्या मध्ये धरावी. काठी आधारासाठी व अंतर राखण्यासाठी असावी, ती उगारल्याने टोळी अधिक चवताळते. दगड मारण्याची सवयही घातक आहे, कारण मार खाल्लेला कुत्रा मागून येणाऱ्या दुसऱ्या वाटसरूवर राग काढतो. खाली पडण्याचा प्रसंग आलाच, तर गुडघे पोटाशी घेऊन मान व कान दोन्ही हातांनी झाकावेत.

दुचाकीमागे कुत्रे लागल्यास वेग वाढविणे अंगलट येते. अशा वेळी दंशापेक्षा अपघाताचेच भय अधिक असते. वेग कमी करावा, गरज पडल्यास गाडी थांबवावी. पाठलाग करण्याजोगे काही उरले नाही की बहुतेक कुत्रे परत फिरतात.

रात्री व पहाटे दोघा-चौघांनी मिळून चालावे आणि विजेरी जवळ ठेवावी. उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांनी शिदोरी उशाशी न ठेवता डब्यात बंद करून उंच जागी ठेवावी. मुलांना मध्यभागी झोपवावे. प्रत्येक दिंडीच्या व जथ्याच्या प्रमुखाने औषधाच्या पेटीत साबणाची वडी अवश्य ठेवावी. तिचे महत्त्व पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

पहिली पंधरा मिनिटे

दंश होताच करावयाचा पहिला उपचार अत्यंत साधा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून सलग पंधरा मिनिटे धुवावी. नळ नसेल तेथे तांब्याने किंवा हंड्यातून पाण्याची धार धरावी. साबणामुळे विषाणूचे बाह्य आवरण नष्ट होते आणि वाहत्या पाण्याबरोबर बरीचशी लाळ निघून जाते. धुऊन झाल्यावर आयोडिनयुक्त जंतुनाशक लावावे. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्याहून बराच मोठा असतो. पाण्याचा एक हबका मारून हे काम भागत नाही.

जखमेत मिरचीपूड, चुना, हळद, तेल, तंबाखू किंवा झाडपाला भरू नये. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आत दडून राहण्यास साहाय्य होते. जखम घट्ट बांधू नये. टाके घालण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. गंडेदोरे व मंत्रतंत्र यांत गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

त्यानंतर त्याच दिवशी नजीकचे सरकारी रुग्णालय गाठावे. डॉक्टर जखमेची तीन प्रकारांत वर्गवारी करतात. कातडी धड असताना कुत्र्याने केवळ चाटले वा स्पर्श झाला, तर धुण्यापलीकडे उपचाराची आवश्यकता नसते. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीवर दात लागले, तर लस घ्यावी लागते. दात आत रुतून रक्त आले, किंवा कुत्र्याची लाळ उघड्या जखमेस, डोळ्यास अथवा तोंडाच्या आतील भागास लागली, तर लसीबरोबरच सीरमही द्यावे लागते. लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंत तयार प्रतिपिंडे पुरवून विषाणूस जखमेतच अडविण्याचे काम हे सीरम करते. म्हणून ते जखमेत व जखमेभोवती टोचले जाते. लहान केंद्रात सीरम उपलब्ध नसल्यास लसीचा पहिला डोस तेथेच घ्यावा आणि विनाविलंब जिल्हा रुग्णालय गाठावे. पहिल्या डोसानंतर सात दिवसांच्या आतच सीरमचा उपयोग होतो. जखम मोठी असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावता येते.

चौदा इंजेक्शनांची जुनी भीती

“कुत्रा चावला म्हणजे बेंबीभोवती चौदा इंजेक्शने” ही धास्ती खेड्यापाड्यांतून आजही पूर्णतः गेलेली नाही. दंश लपविण्यामागे व दवाखाना टाळण्यामागे बरेचदा तीच असते. त्या भीतीचा इतिहास समजून घेणे उपयुक्त ठरेल.

फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास रेबीजची लस प्रथम दिली. दोन दिवसांपूर्वी कुत्रा चावलेल्या या मुलाला त्याची आई आल्सेस प्रांतातून पॅरिसला घेऊन आली होती. मुलगा वाचला आणि जगभरातील श्वानदंशाचे रुग्ण पॅरिसची वाट धरू लागले. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली. त्या काळी वऱ्हाडातील माणसाला कुत्रा चावला आणि लस घ्यावयाची झाली, तर हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरापर्यंतचा प्रवास त्याच्या वाट्याला येई. १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे अशीच संस्था निघाली. पुढे मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेतही लस तयार होऊ लागली.

कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी विकसित केलेली आणि मेंढीच्या मेंदूपासून बनविण्यात येणारी लस भारतात दीर्घकाळ वापरात होती. तीच ती पोटातील वेदनादायक इंजेक्शनांची लस. तिने असंख्य जीव वाचविले, परंतु काही रुग्णांमध्ये मज्जासंस्थेवर तिचे दुष्परिणाम होत. २००४ अखेर भारतात तिचा वापर थांबविण्यात आला आणि पेशीसंवर्धनापासून तयार केलेली सुरक्षित लस सर्वत्र वापरात आली.

ही लस पोटात नव्हे, तर दंडावर दिली जाते. कातडीत द्यावयाच्या पद्धतीत पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर अत्यल्प मात्रा टोचतात. स्नायूत द्यावयाच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर ३ऱ्या, ७व्या, १४व्या व २८व्या दिवशी एकेक इंजेक्शन देतात. लहान बालकांना स्नायूतील इंजेक्शन मांडीच्या पुढील भागात देण्यात येते. गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांनाही ही लस देता येते, किंबहुना ती टाळणे हेच धोक्याचे आहे. ज्यांनी पूर्वी संपूर्ण लसीकरण केले आहे, त्यांना पुन्हा दंश झाल्यास केवळ दोन डोस पुरतात व सीरमची गरज नसते. पूर्वी लसीसाठी दूरचा प्रवास करावा लागे, आता ती प्रवासात जेथे असू तेथील सरकारी रुग्णालयात मिळू शकते.

प्रवाशाची विशेष अडचण

गावातील माणसास ओळखीचा कुत्रा चावला, तर उपचार सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येते. दंशाच्या वेळी लाळेत विषाणू असेल, तर त्या मुदतीत कुत्रा आजारी पडतो व मरतो. दहा दिवसांनंतरही तो धडधाकट असल्यास पुढील उपचाराविषयी डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. यात्रेकरू मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी असतो. कोणता कुत्रा चावला हेही त्याला सांगता येत नाही. म्हणून प्रवाशाने कुत्रा पिसाळलेला होता असेच गृहीत धरून संपूर्ण लसीकरण करावे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. कारंजास पहिला डोस घेतलेला भाविक तिसऱ्या दिवशी गाणगापुरास आणि सातव्या दिवशी आपल्या गावी असतो. दोन डोस झाले, जखम भरली, आता पुरे, असा विचार येथेच बळावतो. पहिल्या रुग्णालयातून लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर दंशाची तारीख, लसीचे नाव, लस कातडीत दिली की स्नायूत, व पुढील तारखा यांची नोंद असावी. कार्डाचे छायाचित्र मोबाईलमध्ये जतन करावे. हे कार्ड दाखवून पुढील डोस अन्य जिल्ह्यात किंवा राज्यातही घेता येतात. एखादी तारीख चुकल्यास लस सोडून देऊ नये, त्वरित डॉक्टरांकडे जाऊन क्रम पूर्ण करावा.

परदेशी जाताना

शिक्षण, नोकरी व पर्यटन या निमित्ताने विदर्भातील अनेक कुटुंबे आता परदेशी जातात. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारखे देश कुत्र्यांच्या रेबीजपासून मुक्त आहेत. नेपाळ, श्रीलंका, थायलंड येथे मात्र धोका कायम आहे. इंडोनेशियाच्या बाली बेटावर २००८ साली या रोगाचा शिरकाव झाला. निसर्गरम्य स्थळ म्हणजे निर्धोक स्थळ, असे समजण्याचे कारण नाही. दूरच्या बेटावर वा डोंगराळ भागात सीरम मिळणे कठीण असते. अशा ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. पहिल्या, ७व्या आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी ती घ्यावयाची असल्याने प्रस्थानापूर्वी किमान महिनाभर तयारी हवी. मंदिरांच्या आवारातील माकडांच्या चाव्यासही हीच दक्षता लागू पडते.

सामूहिक जबाबदारी

व्यक्तीने घेतलेल्या दक्षतेस सार्वजनिक उपाययोजनेची जोड हवी. कुत्र्यांची सरसकट हत्या करणे हा कायद्याने मान्य असलेला मार्ग नाही आणि तो परिणामकारकही नाही, कारण रिकाम्या झालेल्या टापूत बाहेरचे, लस न टोचलेले कुत्रे येऊन वसतात. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. टापूतील ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस टोचल्यास रोगाची साखळी तुटते, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. शेजारच्या गोवा राज्याने व्यापक लसीकरणाच्या मार्गानेच या रोगावर मोठे नियंत्रण मिळविले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हलविण्याचे व ही आवारे बंदिस्त करण्याचे निर्देश दिले. प्रवाशांच्या दृष्टीने हा आदेश महत्त्वाचा आहे.

यात्रेच्या ठिकाणी ग्रामपंचायत, देवस्थान समिती व सेवाभावी मंडळे यांनाही बरेच काही करता येईल. यात्रेपूर्वी परिसरातील कुत्र्यांचे लसीकरण करून घेणे, पंगतीनंतर उष्टे अन्न तत्काळ उचलणे, मुक्कामाच्या जागी दिवे लावणे, पाण्याच्या नळाशेजारी साबण ठेवणे आणि नजीकच्या लस केंद्राचा फलक मराठीबरोबरच कन्नड व तेलुगू भाषांतही लावणे, ही कामे फार खर्चाची नाहीत.

२०३० सालापर्यंत कुत्र्यांपासून माणसास होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय कृती आराखड्यात निश्चित करण्यात आले आहे. ते साध्य होण्यास शासकीय यंत्रणेइतकाच नागरिकांचा सहभाग मोलाचा ठरेल. दर्शन एक दिवस उशिरा झाले तरी चालेल, चुकलेली गाडीही पुन्हा मिळेल. दंश झालेल्या माणसाने मात्र प्रथम जखम धुवावी, त्याच दिवशी लस घ्यावी आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली एकही तारीख चुकवू नये.